संत ऑगस्टिन : गीताने रडवलेला माणूस



रविवारच्या उपासनेत आपण बसलेले असता. उपदेश कानांवरून जातो, प्रार्थनेच्या वेळी मन घरच्या विवंचनेत अडकलेले असते. इतक्यात पेटीवर एक ओळखीची चाल सुरू होते आणि दुसरे कडवे येण्यापूर्वीच आपला कंठ दाटून येतो. आपल्यापैकी जे इंदूर, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी राहतात त्यांना तर हा अनुभव अधिकच तीव्रतेने येत असेल. पुष्कळ दिवसांनी मराठी गीत कानी पडले की शब्दांचा अर्थ ध्यानी येण्याच्या आत डोळे भरतात. हे अश्रू कशाचे असतात? देवाने अंतःकरणाला स्पर्श केला म्हणून ते आले, की सुरांनी कान सुखावले म्हणून?

हाच प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील एका बिशपाने स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर न सापडल्याची कबुली मोकळेपणाने लिहून ठेवली. त्याचे नाव ऑगस्टिन. जो गातो तो दुप्पट प्रार्थना करतो, अशा अर्थाचे एक वचन गीतांच्या पुस्तकांवर त्याच्या नावाने पुष्कळदा छापलेले आढळते. त्याच्या उपलब्ध ग्रंथांत ते वचन त्या रूपात कोठेही नाही. मला वाटते, ते त्याच्या तोंडी शोभतही नाही. कारण गीताविषयी इतके निःशंक होणे त्याला आयुष्यभर जमले नाही. त्याचे चरित्र मी आज आपणांस सांगणार आहे ते एवढ्या एका बाजूने : गीत ऐकून रडणारा आणि त्या रडण्याची भीती बाळगणारा माणूस म्हणून.

ऑगस्टिनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते या गावी झाला. आजच्या अल्जीरिया देशातील सूक अहरास ते हेच. वडील पॅट्रिशियस बेताच्या स्थितीचे जमीनदार. ते मरणाच्या थोडे आधी ख्रिस्ती झाले. आई मोनिका मात्र ख्रिस्ती श्रद्धेतच वाढलेली होती. पोरगा बुद्धिमान, पण शाळेतील ग्रीक भाषेचा त्याला मनस्वी कंटाळा. लॅटिन काव्य मात्र त्याला झपाटून टाकी. व्हर्जिलच्या महाकाव्यात डायडो राणी प्रियकराच्या विरहाने प्राण देते, तो भाग वाचताना तो रडत असे. पुढे बिशप झाल्यावर त्याला या गोष्टीची लाज वाटली. जी कधी अस्तित्वात होती की नाही तेही ठाऊक नाही अशा राणीसाठी आपण रडलो आणि आपला स्वतःचा आत्मा देवापासून दूर मरत होता त्याच्यासाठी एक टिपूसही गाळले नाही, याचे त्याला नवल वाटे.

कार्थेज येथे उच्च शिक्षणासाठी गेल्यावर नाटकगृहाने त्याला ओढले. रंगमंचावरील दुःख पाहून रडण्यात सुख कसे वाटते, हे कोडे त्याला तेथेच पडले. तेथेच त्याचा एका स्त्रीशी संबंध जुळला, अदेओदातस नावाचा मुलगा झाला, आणि मानी याच्या पंथात शिरून त्याने नऊएक वर्षे घालविली. काव्यस्पर्धेत भाग घेऊन त्याने विजयाचा मुकुटही मिळविला. या स्पर्धेपूर्वी एका मांत्रिकाने पशुबळी देऊन यश मिळवून देण्याची तयारी दाखविली होती. मुकुट सोन्याचा असला तरी त्यासाठी एक माशीही मारू देणार नाही, असे त्याने कळविले.

याच काळात थागास्ते येथे त्याचा एक जिवलग मित्र तापाने वारला. ऑगस्टिन वेडापिसा झाला. रमणीय उपवने, खेळ, गाणी, मेजवान्या, काव्ये, कशातच त्याला विसावा मिळेना. वाचकहो, ही एवढी नोंद आपण मनात ठेवा. गाणी होती, कान होते, दुःख होते. तरीही गाण्याने काही केले नाही. दहाबारा वर्षांनंतर याच माणसाला दुसऱ्या एका मृत्यूच्या वेळी एका गीताने जे दिले ते या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

इ. स. ३८३ मध्ये तो रोमला आणि ३८४ मध्ये मिलानला गेला. मिलान ही त्या वेळी सम्राटाच्या दरबाराची नगरी होती आणि ऑगस्टिन तेथे वक्तृत्वशास्त्राचा सरकारी शिक्षक झाला. नगरीचे बिशप अँब्रोझ हे मोठे वक्ते. त्यांचा विषय काय आहे याकडे लक्ष न देता त्यांची भाषाशैली कशी आहे हे पाहण्यासाठी तो उपासनेला जाऊ लागला. शैलीबरोबर विषयही हळूहळू आत शिरला.

इ. स. ३८६ च्या वसंतात मिलानमध्ये मोठा पेचप्रसंग उद्भवला. बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याची आई जस्टिना ही एरियन मताची होती. ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा देव नाही, असे हे मत. आपल्या लोकांसाठी एक मंदिर रिकामे करून द्यावे, अशी तिने मागणी केली. अँब्रोझ यांनी नकार दिला. सैनिकांनी वेढा घातला आणि मंडळी बिशपासह मंदिरात रात्रंदिवस बसून राहिली. मरायचे तर बिशपाबरोबर मरू, अशी त्यांची तयारी होती. त्यांत मोनिका अग्रभागी होती. मात्र तिच्या मुलाचे अंतःकरण तोपर्यंत थंडच होते. नगरातील खळबळीने तो अस्वस्थ झाला एवढेच.

जागरणाने आणि चिंतेने लोक खचू नयेत म्हणून अँब्रोझ यांनी पूर्वेकडील मंडळ्यांच्या प्रथेप्रमाणे सर्व लोकांनी मिळून स्तोत्रे व गीते गाण्याचा पाठ घालून दिला. तोपर्यंत पश्चिमेकडे असे सामुदायिक गायन रूढ नव्हते. अँब्रोझ यांनी स्वतः गीते रचली. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे : ओळीत आठ अक्षरे, कडव्यात चार ओळी, आणि एकूण आठ कडवी. आपल्या आयाबाया जात्यावर ज्या ओव्या गात त्यांच्याप्रमाणेच ही रचना छोटी आणि ठाशीव. वाचता न येणाऱ्यालाही दोनदा ऐकून पाठ व्हावी अशी. परिणाम इतका झाला की गीतांचे मंत्र घालून लोकांना भारून टाकले आहे, असा आरोप विरोधकांनी अँब्रोझ यांच्यावर केला. अँब्रोझ यांनी तो आरोप नाकारला नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची कबुली सारी प्रजा रोज एकमुखाने देते याहून बलवान मंत्र कोणता, असा त्यांचा उलट सवाल होता. शेवटी दरबाराने माघार घेतली. ती गीते मात्र मागे राहिली आणि गावोगावच्या मंडळ्यांत पसरली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मिलानच्या एका बागेत ऑगस्टिनचे परिवर्तन झाले. प्रसंग आपणांस ठाऊक असेल. जुने जीवन सुटत नाही, नवे धरवत नाही, अशा तळमळीत तो अंजिराच्या झाडाखाली रडत पडला असता शेजारच्या घरातून एका मुलाचा किंवा मुलीचा आवाज आला. उचलून वाचावे, असे सुचविणारे शब्द तो आवाज पुनःपुन्हा उच्चारीत होता. आत जाऊन त्याने पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळींवर दृष्टी पडली आणि मनातील अंधार फिटला. हा प्रसंग सांगताना आपण बहुधा एक बारकावा गाळतो. ते लेकरू ते शब्द नुसते बोलत नव्हते, गात होते. मुलांच्या कोणत्या खेळात असे गाणे असते, हे ऑगस्टिनने त्याही स्थितीत आठवून पाहिले, त्याला आठवेना. म्हणून त्याने ती देवाची आज्ञा मानली. ज्याच्या वक्तृत्वाला दरबारात मान होता त्याला वळविणारे शेवटचे शब्द एका अनोळखी पोराच्या गाण्यातून आले.

त्यानंतर छातीच्या दुखण्याचे निमित्त करून त्याने नोकरी सोडली व आई, मुलगा, मित्र, विद्यार्थी यांच्यासह कासिसियाकम येथील एका मित्राच्या शेतघरात जाऊन राहिला. तेथील एक किस्सा सांगण्याचा मोह आवरत नाही. लिसेंशियस नावाचा त्याचा विद्यार्थी नुकतीच एक नवी चाल शिकला होता. देवाने आम्हांला पुन्हा वळवावे, अशी याचना करणारी ऐंशीव्या स्तोत्रातील ओळ त्या चालीवर गाण्याचा त्याला नादच लागला. एके रात्री तो शौचकूपात जाऊन तेथेही मोठ्याने तेच गाऊ लागला. मोनिकाबाई रागावल्या. असल्या जागी असले गीत! शत्रूने मला त्या जागी कोंडले असते तर देवाने माझा आवाज ऐकला नसता काय, असे पोराचे उत्तर. ऑगस्टिनने पोराचीच बाजू घेतली.

इ. स. ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री, २४ व २५ एप्रिलच्या दरम्यान, अँब्रोझ यांनी ऑगस्टिन, त्याचा पंधराएक वर्षांचा मुलगा अदेओदातस व मित्र अलिपियस यांना बाप्तिस्मा दिला. त्या दिवसांत मंडळीचे गायन ऐकून तो किती रडला हे त्याने दहा वर्षांनंतर लिहिले आहे. आवाज कानांत ओतले जात, सत्य अंतःकरणात झिरपे, भक्तीचे कढ येत, अश्रू वाहत, आणि त्या अश्रूंत त्याला बरे वाटे. जी गीते वर्षापूर्वी वेढ्याच्या वेळी त्याच नगरीत गायिली गेली आणि ज्यांनी त्याला भिजविले नव्हते, तीच ही गीते. सूर बदलले नव्हते. ऐकणारा बदलला होता.

काही महिन्यांनी सर्वजण आफ्रिकेला परतण्यास निघाले आणि रोमजवळील ओस्तिया बंदरात जहाजाची वाट पाहत थांबले. तेथे मोनिका तापाने आजारी पडली व नवव्या दिवशी वारली. तिच्या वयाचे ते ५६ वे वर्ष, ऑगस्टिनच्या वयाचे ३३ वे. त्याने स्वतःच्या हाताने तिचे डोळे मिटले. अदेओदातसाने हंबरडा फोडला. त्याला गप्प केले गेले. ही बाई ख्रिस्तात निजली आहे, तेव्हा आकांत करणे योग्य नव्हे, असे सर्वांना वाटत होते. मित्र एवोदियस याने स्तोत्रांचे पुस्तक घेतले व १०१ वे स्तोत्र सुरू केले, आणि घरातील सर्वांनी त्याच्या मागून साथ दिली. ऑगस्टिननेही साथ दिली असावी. रडला मात्र नाही.

दफनाला गेला, रडला नाही. प्रार्थना झाल्या, रडला नाही. आत दुःख दाटले होते आणि ते दाटले आहे याचेच आणखी दुःख होत होते. स्नानाने मनाची व्यथा हलकी होते, असे त्याने ऐकले होते. ग्रीक भाषेत स्नानगृहाला जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी चिंता घालविणारे असा लावीत. तो स्नान करून आला. अंगावरून पाणी गेले, मनातून काही गेले नाही. मग तो निजला. जाग आली तेव्हा दुःख किंचित सैल झाले होते आणि बिछान्यात एकटा पडला असता अँब्रोझ यांच्या एका गीताच्या ओळी त्याला आठवल्या. ते संध्याकाळचे गीत आहे. सर्व वस्तूंचा निर्माता देव दिवसाला प्रकाशाचे आणि रात्रीला निद्रेचे वस्त्र नेसवितो, थकलेली गात्रे विसावतात, शिणलेली मने हलकी होतात, असा त्याचा आशय. आजूबाजूला कोणी गात नव्हते, वाद्य नव्हते. ओळी आतूनच उमटल्या. त्यांच्या मागोमाग आई आठवू लागली. तिची भक्ती, तिचा हळुवारपणा. आणि जे अश्रू दिवसभर कोंडून ठेवले होते त्यांना त्याने मोकळी वाट दिली. तासाच्या एका लहानशा भागापुरता तो रडला. कोणी त्याला यात पाप दिसते असे म्हटले तर त्याने माझ्यासाठी रडावे, असेही त्याने पुढे लिहून ठेवले.

मित्र गेला तेव्हा गाण्यांनी काहीच का केले नाही आणि आई गेली तेव्हा हे एक गीत स्नान व झोप यांच्याही पलीकडे कसे पोहोचले? ऑगस्टिनने हे दोन प्रसंग शेजारी ठेवून तुलना केलेली नाही. ती मी करीत आहे. पण उत्तराची सामग्री त्याच्याच लिखाणात आहे. मिलानमध्येच त्याने संगीतावर एक ग्रंथ आरंभिला होता व आफ्रिकेत गेल्यावर तो सहा भागांत पुरा केला. पहिले पाच भाग छंदशास्त्राचे, बरेच रुक्ष आहेत. सहाव्यात तो ध्वनी शरीरातून आत्म्यापर्यंत कसा जातो याचा शोध घेतो, आणि उदाहरणासाठी घेतो तेच संध्याकाळचे गीत. लय हवेतील आवाजात असते, ऐकणाऱ्याच्या कानात असते, उच्चारणाऱ्याच्या क्रियेत असते; पण आवाज थांबल्यावरही ती स्मृतीत राहते, आणि या सर्वांवर न्याय देणारी एक लय आत्म्यात असते. म्हणजे गीत संपले तरी ते आपल्यात चालूच असते. पुढे ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात काळ म्हणजे काय याचा विचार करतानाही त्याला दुसरा दृष्टान्त सुचत नाही. पाठ असलेले स्तोत्र म्हणू लागण्यापूर्वी ते सारे अपेक्षेत असते. म्हणत जावे तसतसे अपेक्षेतून काढून स्मृतीत जमा होत जाते. ओळखीचे गीत गाणारा माणूस एकाच क्षणी मागेही असतो आणि पुढेही. ज्या मंडळीत आईसोबत ते गीत गायिले ती सारी मंडळी ओस्तियाच्या त्या अंधाऱ्या खोलीत त्याच्याबरोबर होती. मित्राच्या मृत्यूच्या वेळच्या गाण्यांत अशी कोणतीही साठवण नव्हती.

याला जोडून त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि माझ्या मते या विषयावर त्याने लिहिलेली ती सर्वांत मोलाची आहे. मनाच्या प्रत्येक भावाला आवाजात व गाण्यात त्याचा स्वतःचा असा सूर असतो. त्या दोहोंमध्ये काही गुप्त सोयरीक आहे आणि तिच्यामुळे भाव जागे होतात. ही सोयरीक कशी जडली हे तो सांगत नाही. आज संशोधक मेंदूच्या प्रतिमा घेऊन याच वाटेने जात आहेत आणि स्मृती व अपेक्षा हे दोन शब्द त्यांच्याही लिखाणात पुनःपुन्हा येतात.

इ. स. ३८८ मध्ये तो आफ्रिकेत परतला. लवकरच अदेओदातसही वारला. ३९१ मध्ये हिप्पो या बंदराच्या गावी, म्हणजे आजच्या अन्नाबा येथे, लोकांनी त्याला जवळजवळ बळजबरीने पाळक केले आणि थोड्याच वर्षांत तो बिशप झाला. येथून पुढे आदरार्थी बहुवचन वापरणेच उचित.

हिप्पोत डोनेटस पंथीयांचे प्राबल्य होते. ते लोक आवेशाने स्वरचित गीते गात. उलट ऑगस्टिन यांच्या मंडळ्यांचे गायन फार सुस्त आहे, असा टोमणा मारीत. आपल्या लोकांपैकी पुष्कळजण गाण्यात आळशी आहेत हे ऑगस्टिन यांनी एका पत्रात मान्यही केले आहे. इ. स. ३९३ च्या सुमारास त्यांनी स्वतः एक लांबलचक गीत रचले. मुळाक्षरांच्या क्रमाने कडवी, प्रत्येक कडव्यानंतर सर्वांनी म्हणावयाचे पालुपद. ११९ व्या स्तोत्रात हिब्रू वर्णमालेचा जो क्रम आहे तशीच ही युक्ती. व्हर्जिलवर पोसलेल्या या पंडिताने शास्त्रोक्त छंद जाणूनबुजून टाळला, कारण छंदासाठी अपरिचित शब्द वापरावा लागला असता आणि अगदी अडाणी माणसाच्या स्मृतीतही ते गीत बसावे, अशी त्यांची इच्छा होती. काव्य म्हणून ते मोठे नाही. पण असे गीत रचणाऱ्याला गीताची शक्ती पुरती कळलेली होती, हे मान्य करावे लागते.

आणि ती कळलेली होती म्हणूनच भीती. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात ते आपल्या पाचही इंद्रियांची झडती घेतात. कानांच्या सुखापाशी आल्यावर त्यांची लेखणी अडखळते. पवित्र वचने गोड गळ्याने गायिली की मन अधिक भक्तीने पेटते, हे त्यांना कबूल आहे. पण सुराने विवेकाच्या मागून यावे, ते पुढे धावू लागते. आणि आपण फसलो हे मागाहून ध्यानी येते. कधीकधी वाटे की सर्व मधुर चाली आपल्या व मंडळीच्याही कानांपासून दूर ठेवाव्यात. अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस हे वाचकाला इतक्या कमी चढउतारात स्तोत्र म्हणावयास लावीत की ते गाण्यापेक्षा बोलण्यासारखेच वाटे. तोच मार्ग अधिक निर्धोक. मग लगेच मिलानचे अश्रू आठवत. ते अश्रू खोटे कसे म्हणावे? अखेरीस ते गायनाच्या बाजूने झुकतात, पण निर्णय कायमचा नाही असे बजावून. दुबळी मने कानांच्या वाटेने तरी भक्तीकडे चढावीत. आणि जे गायिले जाते त्यापेक्षा गाणेच मला अधिक हलवून गेले तर मी दंडास पात्र असे पाप केले, अशी त्यांची कबुली आहे. तेव्हा गायक ऐकलाच नसता तर बरे, असे त्यांना वाटे.

हे वाचताना ते स्वतःवर फार कठोर झाले आहेत असे मला पूर्वी वाटे. ध्वनिवर्धकांच्या भिंती लावून तेच एक कडवे पंधरा वेळा गाण्याची आणि लोक रडेपर्यंत न थांबण्याची पद्धत पाहिल्यापासून मी तितक्या खात्रीने तसे म्हणत नाही.

गीताने मनात जे रुजते ते उपटणे किती अवघड असते याचा एक अनुभव ऑगस्टिन यांनी जेरोम यांना इ. स. ४०३ मध्ये कळविला. जेरोम यांनी हिब्रूवरून केलेले नवे लॅटिन भाषांतर ओया येथील बिशपाने उपासनेत वाचावयास लावले. ओया म्हणजे आजचे त्रिपोली. योनाच्या पुस्तकात संदेष्ट्यावर सावली धरणारी जी वनस्पती आहे तिला जुन्या भाषांतरात भोपळ्याचा वेल म्हटले होते. जेरोम यांनी तेथे आयव्हीचा वेल घातला. एक शब्द! पण पिढ्यान्‌पिढ्या जो शब्द कानांत बसला होता व गात आणला होता तो गेला म्हणून मंडळीत गदारोळ माजला. बिशपाला यहूदी लोकांना विचारावे लागले. त्यांनी जुन्याच शब्दाची बाजू घेतली आणि आपली मंडळी निघून जाऊ नये म्हणून बिचाऱ्याने जुना शब्द परत आणला. जेरोम यांनी खरमरीत उत्तर पाठविले. ती वनस्पती एरंड असावी, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

माझे आयुष्य याच कामात गेले असल्यामुळे या पत्राला मी हसू शकत नाही. आम्ही एकदा एका स्तोत्रातील जुना शब्द बदलून अधिक अचूक शब्द योजला आणि तो मसुदा एका खेड्यातील मंडळीत वाचून दाखविला. वाचन संपल्यावर एक वृद्ध बाई उठल्या. नवऱ्याच्या मातीच्या वेळी जे स्तोत्र म्हटले होते ते हे नव्हे, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले व त्या खाली बसल्या. माझ्या पिशवीत हिब्रूचा जाडजूड शब्दकोश होता. त्यात या हरकतीचे उत्तर नव्हते. तो जुना शब्द आम्ही परत घातला.

वयोमानाप्रमाणे ऑगस्टिन यांची गीताविषयीची भीती पुरती गेली नाही, पण तिच्या बाजूला एक आनंदही वाढत गेला. त्यांची स्तोत्रांवरील प्रवचने वाचली की हे जाणवते. १५० स्तोत्रांपैकी प्रत्येकावर त्यांनी काही ना काही सांगितले आहे. एकदा त्यांनी एका लहान स्तोत्राची तयारी केली होती आणि वाचकाने गोंधळून भलतेच लांब स्तोत्र म्हटले. यात देवाचीच इच्छा असेल, असे म्हणून त्यांनी त्यावर प्रवचन केले. देवाचा जयजयकार करणे म्हणजे काय, हे सांगताना ते शेतात जातात. कापणी करणारे किंवा द्राक्षमळ्यात राबणारे लोक आधी शब्दांनी गाऊ लागतात. मग आनंद इतका भरून येतो की तो शब्दांत मावत नाही, तेव्हा ते अक्षरे टाकून देतात आणि केवळ स्वर काढू लागतात. जो देव वाणीने सांगता येत नाही त्याच्यासाठी असाच निःशब्द स्वर योग्य, असे त्यांचे प्रतिपादन. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी शिवारात भलरी ऐकली आहे त्यांना हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नाही.

भाषांतरकार म्हणून सांगतो, शब्दांवर ज्याने सारे आयुष्य घातले त्या माणसाने शब्द गळून पडल्यावरही काही उरते हे मान्य करावे, याने मी दर वेळी थबकतो.

कार्थेज येथे हिलारस नावाच्या एका गृहस्थाने वेदीपाशी स्तोत्रे गाण्याच्या नव्या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा तिला उत्तर देणारे एक पुस्तकही त्यांनी लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. पण मनात इतक्या शंका बाळगणारा माणूस इतरांच्या गाण्यावर घाला आला तेव्हा गाणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

इ. स. ४२९ मध्ये व्हॅन्डल टोळ्या समुद्र ओलांडून आफ्रिकेत घुसल्या. ४३० च्या उन्हाळ्यात राजा गायसेरिक याच्या सैन्याने हिप्पोला वेढा घातला. आसपासची गावे बेचिराख झाली. आश्रयास आलेल्या बिशपांत ऑगस्टिन यांचे शिष्य पोसिदियस हेही होते आणि त्यांनीच पुढे गुरूंचे चरित्र लिहिले. वृद्ध बिशपाला कशाकशाचे दुःख होत होते याची यादी ते देतात. उद्ध्वस्त नगरे, मारले गेलेले लोक, परागंदा झालेले पाळक. आणि त्याच यादीत, मंदिरांतून बंद पडलेली देवाची गीते.

वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टिन यांना ताप आला. त्यांनी दाविदाची पश्चात्तापाची थोडी स्तोत्रे पानांवर लिहवून घेतली आणि ती पाने बिछान्यातून दिसतील अशी भिंतीवर लावविली. शेवटचे दहाएक दिवस वैद्य आले किंवा अन्न आणले तरच कोणी खोलीत यावे, एरव्ही नाही, अशी त्यांनी विनंती केली होती. ती पाळली गेली. बाहेर शत्रूची छावणी होती. आत कोणी गात नव्हते. पंचाहत्तर वर्षांचा तो म्हातारा भिंतीकडे पाहत एकेक ओळ वाचीत होता आणि त्याच्या डोळ्यांतून सारखे पाणी वाहत होते. २८ ऑगस्ट ४३० रोजी मंडळीच्या प्रार्थना चालू असता त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. मृत्युपत्र केलेले नव्हते. देण्याजोगे काही नव्हतेच. ग्रंथ तेवढे जपून ठेवावेत, असे ते सांगत असत.